दाइसुगीसारखी छाटणी करून साग सरळ वाढवता येईल का? (उतारावरची 140 झाडं)

उतारावरचा साग (प्रश्न)

नमस्कार मंडळी. दापोली तालुक्यात आमची थोडी वरकस जमीन आहे. 2017 च्या पावसाळ्यात तिथे सागाची 200 रोपं लावली. वणवा आणि गुरं यांतून 140 जगली. आता बरीचशी वीस-बावीस फुटांवर गेलीत, पण सरळ म्हणावीत अशी निम्मीच. काहींना आठ-दहा फुटांवरच दुबेळकं फुटलंय, काही बुंध्यापासूनच फांद्यांनी भरलीत.

गेल्या वर्षी एकाला रोजावर लावून फांद्या काढून घेतल्या. मी त्या दिवशी तिथे थांबलो नाही, ही माझी चूक. संध्याकाळी जाऊन बघतो तर वरून कोयत्याचा एकच घाव घातलेला, आणि फांदी पडताना हातभर साल सोलत खाली आलेली. कुठे कुठे वीत-वीत खुंट्या तशाच ठेवलेल्या. पावसात त्या प्रत्येक घावाभोवती फुटव्यांचा झुबका आला. काढल्या त्याहून जास्त फांद्या झाल्या. फार वाईट वाटलं.

आता व्हॉट्सॲपवर एक फोटो फिरतोय. एका जाड बुंध्याच्या डोक्यावर दहा-बारा सरळसोट खोडं उभी, आणि खाली लिहिलंय, ‘जपानी लोक 700 वर्षं झाड न तोडता लाकूड काढतात, हे लाकूड साध्यापेक्षा दुप्पट घट्ट असतं.’ नाव दाइसुगी. हे खरं आहे का? आणि सागावर करता येईल का? आजोबांच्या घराचे वाशे सागाचे आहेत, एकही वाकडा नाही. माझ्या झाडांतून तसे दहा वाशे निघाले तरी मला पुरे.

रंधा आणि पटाशी

दादा, फोटो खरा आहे. खालची ओळ अर्धी खरी आहे, आणि ‘दुप्पट घट्ट’ वगैरे आकड्यांवर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

मी मूळची सांगलीची, गेली अकरा वर्षं जपानात, क्योतोत आहे. चहाघरांची दारं, सरकत्या चौकटी करणाऱ्या एका छोट्या कारखान्यात काम करते. आमचं बरंचसं लाकूड शहराच्या वायव्येला कितायामाच्या डोंगरांतून येतं. कियोताकी नदीच्या अरुंद खोऱ्यात नाकागावा नावाचं गाव आहे. थंडीच्या तोंडाला मी तिथल्या एका वयस्क जंगलकऱ्याकडे छाटणीला मदत म्हणून जाते. मदत कसली, खाली पडलेल्या फांद्या गोळा करायच्या आणि वर बघत राहायचं. पण बघून बघून थोडं कळलंय ते सांगते.

आधी नाव. ‘सुगी’ म्हटलं की आपल्याला खळं आणि रास आठवते. इथे सुगी हे झाडाचं नाव आहे, सूचिपर्णी, उंच आणि निमुळतं. ‘दाइ’ म्हणजे बैठक, ओटा. ओट्यावर उभी केलेली सुगी ती दाइसुगी. कोवळं झाड थोडं वाढलं की खालच्या काही फांद्या राखतात आणि मधला शेंडा काढतात. शेंडा गेला की फांद्या वर वळून स्वतःच शेंडा व्हायला बघतात. आपल्याकडे शेवग्याचं डोकं उडवल्यावर उभ्या काठ्या फुटतात ना, तसंच. त्यातल्या चांगल्या तेवढ्या ठेवायच्या, बाकीच्या काढायच्या, आणि ठेवलेल्यांच्या आडव्या फांद्या वर्षानुवर्षं साफ करत राहायचं. वीसेक वर्षांनी एकेक खोड करवतीनं कापतात. म्हणजे ‘न तोडता’ नव्हेच. मूळ जिवंत राहतं आणि नवं रोप लावावं लागत नाही, एवढाच त्याचा अर्थ. एक बुंधा दोनशे-तीनशे वर्षं असा चालतो.

आणि हे सगळं कशासाठी? तुम्ही म्हणालात त्याचसाठी, वाशांसाठी. मुरोमाची काळात, म्हणजे चौदाव्या-पंधराव्या शतकात, ही पद्धत बसली असं मानतात. पुढे चहाघरांची सुकिया नावाची बांधणी आली. तिच्या वळचणीला खालून बघितलं की बारीक, गोल, न तासलेले वाशे उघडे दिसतात. मनगटाएवढे, या टोकापासून त्या टोकापर्यंत जवळजवळ एकाच जाडीचे. कात्सुरा आणि शुगाकुइन हे क्योतोचे राजवाडे सतराव्या शतकातले, तिथेही कितायामाचं लाकूड आहे. डोंगर उभे, सपाट जागा नाही, गिऱ्हाईक मात्र दिवसभराच्या चालीवर. तेव्हा एकाच मुळावर दहा वाशे घेणं परवडायचं.

आता कुणी वाशांसाठी दाइसुगी फारशी करत नाही. ती बागेतली शोभेची झाडं झालीत. जुन्या, सोडून दिलेल्या दाइसुगी बघायच्या तर केइहोकूकडे कातानामी नदीच्या उगमाशी जावं लागतं. तिथे त्या राक्षसासारख्या माजल्यात, एकेका बुंध्यावर वाकडेतिकडे पाच-सहा प्रचंड खांब. त्यांच्या समोर उभं राहिलं की समजतं, छाटणाऱ्याचा हात थांबला की हे झाड कुठे जातं.

आजचं कितायामाचं सरळ लाकूड एकखोडी झाडाचं असतं, आणि ते सरळ होतं ते ‘एदाउची’नं. फांदी उडवणं एवढाच त्या शब्दाचा अर्थ. लावल्यापासून सहाव्या-सातव्या वर्षी सुरू करतात आणि मग दर तीन-चार वर्षांनी करतात, झाड तोडायला येईपर्यंत तीस-चाळीस वर्षं. म्हणजे एकाच झाडावर आठ-दहा वेळा चढायचं! फोटोत हे दिसत नाही.

गुरुजी (मी त्यांना मनात असंच म्हणते) चढतात ती शिडी एका दांड्याची असते, दोन्ही बाजूंना पायऱ्या, तिला गोमेची शिडी म्हणतात. कमरेला दोर. हातात ‘नाता’, आपल्या कोयत्याच्या कुळातलं पण टोकाला आकडी नसलेलं जड, सरळ पातं. पहिल्या वर्षी त्यांनी मला ते पातं नुसतं हातात धरायला दिलं आणि माझ्या दंडावरची लव त्यानं काढून दाखवली. फांदीला आधी खालून एक हलकी खाच, मग वरून एकच घाव, खोडाला अगदी लागून. फांदी सुटते तेव्हा ‘टक्’ असा कोरडा आवाज येतो. ओला, फाटल्यासारखा आवाज आला की ते थांबतात, खाली वाकून साल बघतात आणि पातं दगडावर घासायला घेतात. खालून वर साफ करत जातात. शेवटी शेंड्याला जेमतेम झुबका राहतो. संपूर्ण डोंगरभर मुंजीतल्या बटूची शेंडी ठेवावी तशी झाडं.

हे एवढं का करायचं, ते मला डोंगरावर नाही, कारखान्यात कळलं. फांदी खोडात शिरलेली असते, तीच गाठ. फांदी बोटाएवढी असताना काढली तर गाठ गाभ्याजवळच राहते आणि तिच्यावर दरवर्षी स्वच्छ लाकूड चढत जातं. सावलीत मरून तशीच लटकत राहिली तर मेलेली गाठ होते, फळी सुकली की ती निसटून भोक पडतं. दुसरं म्हणजे जाडी. खोड सगळ्यात जास्त वाढतं ते पानांच्या झुबक्याच्या बुडाशी. खालच्या फांद्या राखल्या तर बुंधा फुगत जातो, गाजरासारखा. पानं फक्त शेंड्याला ठेवली तर बुंधा हळू वाढतो, वरचा भाग त्याला गाठतो आणि खोड नळीसारखं होतं. फांद्या कापल्यानं झाड सरळ होतं असं आपण सहज म्हणतो. खरं तर ते गुळगुळीत आणि सम होतं. सरळपणा रोपातच असावा लागतो. नाकागावाच्या हाचिमान देवळाच्या आवारात सुमारे 600 वर्षांची एक सुगी आहे, तिला इथल्या झाडांची आई म्हणतात. कितायामात छाट कलमं लावतात, म्हणजे चांगल्या झाडाचीच पुढची पिढी. तुमचा साग बियांचा असेल, तर प्रत्येक झाड निराळं निघणार, हे धरून चाला.

तुमच्या त्या रोजाच्या माणसानं केलेल्या जखमांबद्दल मात्र मला काळजी वाटते. इथे छाटताना साल फाटली तर आत लाकडाचा रंग बिघडतो, तपकिरी-काळपट डाग पडतो. सुतार त्याला ‘बोतान’ म्हणतात, एका मोठ्या फुलाचं नाव आहे ते. बाहेरून खोड भरून येतं, काही दिसत नाही. वीस वर्षांनी मी रंधा मारते तेव्हा पाचव्या-सहाव्या हातापाशी ते फूल उमलतं आणि ती फळी बाजूला ठेवावी लागते.

सागाचं मला एवढं ठाऊक नाही. इथे कुणी वनखात्यातलं असेल तर सांगावं.

आलापल्लीचा

वनखात्यात 31 वर्षं काढली, बहुतेक सगळी सागात. ताईंनी छान लिहिलंय. थोडक्यात सागाचं सांगतो.

सागावर दाइसुगी करू नका. शेंडा तोडून वर पाच खोडं उभी केलीत तर जोडाशी पाणी साचेल, सडेल, वाऱ्यात फाटेल. साग फुटतो तो जमिनीलगत कापलेल्या खुंटातून, आणि तो फुटवा झकास सरळ जातो, कारण खाली जुनी मुळं तयार असतात. तुमची जी झाडं पार बिघडलीत, साल फाटून आत किडलीत, ती पानं गळलेली असताना जमिनीलगत, गुळगुळीत, किंचित उतरत्या कापानं काढा. पावसात दहा फुटवे येतील. खुंटाच्या अगदी खालून आलेला एक जोमदार दुसऱ्या वर्षापर्यंत निवडा, बाकीचे काढा. वरून आलेला फुटवा ठेवू नका, तो पुढे खुंटाबरोबर सडतो. कापण्याआधी परवानगी घ्या. 1964 च्या वृक्षतोड कायद्यात साग अनुसूचित आहे, झाड तुमच्या मालकीचं असलं तरी.

दुबेळक्याचं कारण बहुधा फुलोरा. सागाचा तुरा शेंड्यालाच येतो. तुरा आला की शेंडा संपला, आणि खालचे दोन डोळे दोन बाजूंना जातात. लवकर फुलणारं झाड लवकर दुभंगतं. कोवळं असताना दोनांतला कमजोर काढा. मनगटाएवढं झाल्यावर हात लावू नका.

आणि सुगीसारखी शेंडी ठेवू नका सागाला. त्याला ऊन आणि पान भरपूर लागतं. उंचीच्या खालच्या एक तृतीयांशापर्यंत साफ करा, फार तर निम्म्यापर्यंत. त्याहून वर गेलात की उघड्या खोडावर ऊन पडतं आणि सगळीकडून पाणफुटवे येतात. तुमच्याकडे तेच झालंय. फुटवे कोवळे असताना अंगठ्यानं खुडता येतात, कोयता लागतच नाही.

भाजावळ

आमच्या खेड तालुक्यात ऐन आणि किंजळ बघा. राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांच्या जागी पाला जाळायला, दरवर्षी कवळ (पाल्याच्या फांद्या) तोडतात, शंभर वर्षं तोडत आलेत. तिथेही माणूस चढतो, तिथेही कोयता आहे, पण खोड कसं होतं? गुठळ्या-गुठळ्यांचं, वाशाला एक हातही न मिळणारं. मग तीन-चार वर्षांनी छाटून जपान्यांचं सरळ आणि दरवर्षी छाटून आमचं वाकडं, असं का?

रंधा आणि पटाशी

फार चांगला प्रश्न. तुमच्याकडे पाला हवा असतो, म्हणून खुंटी राखतात, पुढच्या वर्षी तिथूनच झुबका यावा. प्रत्येक खुंटीवर दरवर्षी नवा घाव आणि नवे फुटवे, त्याची गुठळी होते. राबाला ते योग्यच आहे, भाताची रोपं त्यावर उभी राहतात. इथे फांदी एकदा गेली की त्या जागी परत काही येऊ द्यायचं नसतं. शिवाय राबाच्या झाडाचा शेंडाही बहुतेक वेळा जातो. इथे शेंड्याला कुणी बोट लावत नाही.

धुपीच्या सावलीत

दार्जिलिंगला चार वर्षं नोकरीला होतो. तिथे डोंगरच्या डोंगर याच जपानी सुगीचे आहेत, एकोणिसाव्या शतकात आणून लावलेले. स्थानिक लोक धुपी म्हणतात. झाड तेच, पण छाटणी कुणी करत नाही. खालच्या अर्ध्या भागात वाळक्या फांद्यांचा काटेरी पिंजरा, आत शिरता येत नाही. लाकूड हलकं, फळ्यांना गाठीच गाठी. हा धागा वाचून आज कारण कळलं.

उतारावरचा साग

सगळ्यांचे आभार. ताई, दोन शंका आहेत. एक, तुम्ही म्हणता घाव खोडाला अगदी लागून. इथले शेतीवाले सांगतात की फांदीच्या बुडाशी वळी असते, ती राखायची. कुणाचं धरू? दुसरं, दाट लावल्यानं झाडं सरळ जातात असं ऐकलंय. माझी झाडं 10-10 फुटांवर आहेत. मध्ये अजून लावू का?

रंधा आणि पटाशी

सागाला वळी राखा. इथे लागून कापतात त्याचं कारण वेगळं आहे. कितायामाचं चांगलं खोड सहसा चिरून फळ्या करत नाहीत, ते आख्खं गोल वापरतात, घरातल्या तोकोनोमा नावाच्या कोनाड्याचा खांब म्हणून. साल काढल्यावर जे अंग दिसतं तेच विकलं जातं. एक उंचवटा राहिला तर खांब गेला. पूर्वी नाकागावाच्या बायका ते अंग हातानं घासायच्या, जवळच्या बोदाइ धबधब्याची बारीक वाळू ओल्या तळव्यात घेऊन. मला एकदा एका आजींनी शिकवलं. वाळू आधी दातांत करकरते तशी करकरते, मग हळूहळू आवाज बंद होतो आणि तळव्याखाली लाकूड ओल्या साबणासारखं सरकायला लागतं. तोवर थांबायचं नाही. आता साल पाण्याच्या फवाऱ्यानं काढतात. घासलेला खांब तडकू नये म्हणून मागच्या, भिंतीकडच्या बाजूला गाभ्यापर्यंत एक उभा काप देतात आणि त्यात पाचर मारतात. सुकताना लाकूड ओढलं जातं ते त्या कापातच. तोडायच्या आधी शेवटची छाटणीही जरा कडक करतात. तिचं नाव ‘एदाजिमे’, फांदी आवळणं. वाढ थांबते, बाहेरचं लाकूड घट्ट होतं.

आणि फांदी पातळ असताना कापली की लागून कापलेलं दोन-तीन वर्षांत भरून येतं. तुमच्या फांद्या जाड झाल्यात. तिथे वळी कापलीत तर जखम दुप्पट होईल.

दाट लागवडीचं खरं आहे, पण ते कितायामाचं नाही, नारातल्या योशिनोचं. जपानात साधारणपणे हेक्टरी 3,000 रोपं लावतात, योशिनोत 8,000 ते 12,000. एकमेकांच्या सावलीत खालच्या फांद्या बारीक असतानाच मरतात, झाडं उजेडासाठी सरळ वर जातात, आणि मग शंभर-शंभर वर्षं विरळणी चालू राहते. त्यांना साकेच्या (तांदळाच्या दारूच्या) पिंपांसाठी बारीक, एकसारख्या वलयांची, बिनगाठीची फळी हवी होती, पिंप गळू नये म्हणून. उलट क्यूशू बेटावर ओबीला अगदी विरळ लावायचे, कारण त्यांना होड्यांसाठी लवकर जाडी हवी होती. तिन्हीकडे झाड सुगीच. आधी काय करायचंय ते ठरवायचे आणि मग अंतर.

तुम्हाला वाशे हवेत, म्हणजे फार जाडी नको. पण आठ वर्षांच्या सागाच्या मध्ये आता रोपं लावलीत तर ती सावलीत कुजतील. लावू नका, असं मला वाटतं. आलापल्लीकरांनी दुरुस्त करावं.

आलापल्लीचा

बरोबर. सावलीत साग उठत नाही.

एक विसरलो. घाव पावसाळ्यात घालू नका. पानं झडली की मगच.

उतारावरचा साग

शनिवारी जाऊन एकेक झाड बघितलं आणि चुन्यानं खुणा केल्या. 58 झाडांवर खालच्या फांद्या अजून अंगठ्याएवढ्याच आहेत, त्या यंदा काढता येतील. 17 झाडांची साल फार फाटलीय, एकाला बोट लावलं तर आत भुगा. त्या 17 साठी परवानगीचा अर्ज करतो आणि खुंटातून फुटवा घेतो. दुबेळकी 26, त्यातली 9 अजून सुधारण्यासारखी. बाकीच्यांना सध्या हात लावत नाही.

या वेळी स्वतः करणार आहे. भावाला बरोबर घेतोय. शिडीचं काय करू? आमच्याकडची दोन पायांची जड शिडी उतारावर टेकत नाही.

रंधा आणि पटाशी

58! वाचून बरं वाटलं हो.

गोमेची शिडी तुम्हाला घरीच करता येईल. पेरांवरच्या फांद्या वीतभर राखलेला जाड, पक्का बांबू घ्या, कोकणात झाडावर चढायला लावतात तसा. एकच दांडा असल्यामुळे उतारावरही टेकतो. वरचं टोक खोडाला दोरानं दोन फेरे देऊन बांधा, आणि स्वतःच्या कमरेचा दोर वेगळा. खाली भाऊ उभा राहील तो फांदीच्या रेषेत नको, बाजूला.

कोयत्याच्या आकडीनं ओढायची सवय असते, ती इथे सोडा. जमत नसेल तर बारीक दातांची हातकरवत घ्या, लाज वाटून घेऊ नका, गुरुजीही जाड फांदीला करवतच लावतात. आधी खालून चौथाई, मग वरून.

आणि यंदा जमिनीवर उभं राहून हात पोचतो तेवढ्याच फांद्या काढा, 58 च्या 58. पावसाळ्यात त्या जागा बघा, फुटवे आले का, कडेनं साल वळायला लागली का. फोटो इथे टाका, मी गुरुजींना दाखवीन. शिडी पुढच्या फाल्गुनात.